धरणं सोपं, सोडणं अवघड : छंदाच्या लेथसाठी घरी केलेला क्लच

लेथ सुरू करणं आणि जॉब फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोठ्या वर्कशॉपमधल्या टर्नरला हे सांगावं लागत नाही. सकाळी तो मोटर चालू करतो आणि ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत गुरगुरत राहते. मधल्या वेळात चक कितीदा तरी थांबतो, फिरतो, पुन्हा थांबतो. पण त्यासाठी टर्नरचा हात मोटरच्या बटणाकडे जात नाही, क्लचच्या दांड्याकडे जातो. गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये ठेवलेल्या छंदाच्या लेथवर हा दांडा बहुधा नसतो. तिथं बटण दाबलं की मोटर, पट्टे, पुल्या, स्पिंडल, चक आणि जॉब अशी सगळी वरात एकदमच निघते, आणि थांबायची तीही एकदमच.

यात बिघडतं काय? घरगुती लेथवर बहुतेक वेळा सिंगल-फेज इंडक्शन मोटर असते आणि अशी मोटर आपल्या आपण सुरू होऊ शकत नाही. तिला सुरुवातीचा धक्का द्यायला वेगळं वेटोळं, कपॅसिटर आणि एक सेंट्रिफ्यूगल स्विच लागतो. मोटरने जवळजवळ तीन-चतुर्थांश वेग गाठला की हा स्विच खट् आवाज करून सुरुवातीचं वेटोळं तोडतो. या पहिल्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. दिवसातून चार वेळा असं झालं तर काही बिघडत नाही. पण आटे पाडताना किंवा एकामागून एक बुश कापताना दर मिनिटाला मोटर बंद-चालू होते. मग सुरुवातीचं वेटोळं तापतं, स्विचचे संपर्कबिंदू जळतात आणि एक दिवस मोटर नुसती हुं करत जागच्या जागी थरथरते.

ही अडचण मोटरबरोबर आली. कारखान्यांत वाफेच्या एका इंजिनावर छताखालचा लांबलचक शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी अनेक यंत्रं चालायची, तेव्हा प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर दोन पुल्या शेजारीशेजारी असत. एक शाफ्टला पक्की, दुसरी मोकळी. दांड्याने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की यंत्र थांबायचं, इंजिन चालूच राहायचं. मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी ही पट्टा सरकवण्याची कला आत्मसात केली. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि मोकळी पुली गेली. मोठ्या लेथच्या पेटीत तिची जागा क्लचने घेतली. छोट्या लेथवर, किंमत खाली ठेवायची म्हणून, ती जागा रिकामीच राहिली.

## बीस्टनचा लेथ

ही रिकामी जागा छंदिष्टांनी स्वतः भरली, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधला मायफोर्ड एमएल-सेव्हन. तिथं घरी बसून वाफेच्या इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. त्यांचं ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली सुरू केलं. सेसिल मूर यांनी १९३४ साली नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये मायफोर्ड कंपनी काढली, आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ साली एमएल-सेव्हन बाजारात आला. साडेतीन इंच सेंटरची उंची, मागे मोटर आणि स्पिंडल यांच्या मधला काउंटरशाफ्ट, व्ही-पट्टे आणि वेग उतरवणारा बॅकगिअर. स्पिंडलचा वेग मिनिटाला ३५ ते ६४० फेरे. पुढे आलेल्या सुपर-सेव्हन या वरच्या मॉडेलला काउंटरशाफ्टवर क्लच होता. साध्या एमएल-सेव्हनचे मालक शेजारच्याचा सुपर-सेव्हन बघत आणि आपल्याच लेथवर त्याच लेथसाठी क्लच कातायला घेत. मूळ कंपनी २०११ साली बंद झाली, पण तिचे लेथ अजून चालतात आणि त्यांच्यावर क्लचही अजून बनतात.

या लेथवरचेच आकडे घेऊन क्लचचा विचार करू. लेथ दुसरा कुठलाही असला तरी विचाराची रीत बदलत नाही.

## बसवायचा कुठे?

मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, म्हणजे ३७३ वॉटची, आणि मिनिटाला १४२५ फेऱ्यांची धरू. तिच्या शाफ्टवर टॉर्क येतो अडीच न्यूटन-मीटर. मोठ्या पुलीमुळे काउंटरशाफ्टचा वेग साडेतीनशे फेऱ्यांच्या आसपास उतरतो आणि टॉर्क चढतो दहावर. बॅकगिअर लावून स्पिंडल ३५ फेऱ्यांवर आणला तर तोच टॉर्क, कागदावर तरी, शंभरपर्यंत जातो. शक्ती तीच, वेग जितका कमी तितका टॉर्क जास्त, आणि क्लचला पेलायचा असतो तो टॉर्क.

या हिशेबाने क्लच मोटरच्याच शाफ्टवर बसवावा असं वाटेल, कारण तिथं तो सर्वांत लहान होईल. पण मग क्लच सोडल्यावर काउंटरशाफ्ट, त्यावरची जड पुली आणि दोन पट्टे हे सगळं चकबरोबर फिरत राहतं आणि चक थांबायला वेळ घेतो. शिवाय मोटरच्या टोकावर जागा नसते. स्पिंडलवर बसवायचा तर क्लच बॅकगिअरचा टॉर्क पेलण्याइतका दांडगा करावा लागेल. म्हणून काउंटरशाफ्ट. तिथं टॉर्क बेताचा, वेग बेताचा, आजूबाजूला हात घालायला जागा. मोटरचा पट्टा ज्या मोठ्या पुलीवर चढतो ती पुली शाफ्टवर मोकळी करायची आणि तिला शाफ्टशी हवं तेव्हा जोडायचं, एवढंच काम उरतं.

काउंटरशाफ्टवरचा दहा न्यूटन-मीटर हा झाला मोटरचा नेहमीचा टॉर्क. टूल जॉबमध्ये रुतलं की मागणी वाढते, म्हणून क्लच दुप्पट म्हणजे वीस न्यूटन-मीटरचा करायचा. तिप्पट-चौपट करण्याचा मोह टाळावा. क्लच ही लेथची सर्वांत स्वस्त विमा पॉलिसी आहे. टूल खोल रुतलं तर घसरायचं कुणी? क्लच घसरला नाही तर गिअरचा दात मोडतो किंवा जॉब चकमधून उडतो. काही झालं तरी घसरणार नाही असा क्लच केला तर तो नुसता एक कपलिंग होऊन बसतो.

## कोनाचं गणित

घर्षणाने पकडणाऱ्या क्लचचे दोन प्रकार घरी करण्यासारखे आहेत : सपाट चकत्यांचा आणि शंकूचा. सपाट चकतीचा हिशेब सोपा असतो. दाब, घर्षणांक आणि सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. बिडावर कोरडं ब्रेक-अस्तर असेल तर घर्षणांक ०.२५ धरणं सुरक्षित. पुलीच्या पोटात ४० मिलिमीटर सरासरी त्रिज्या मिळते. वीस न्यूटन-मीटरसाठी एका बाजूने घासणारी चकती दोन हजार न्यूटनने, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोच्या भाराने, दाबावी लागेल. चकत्या वाढवल्या की हा भार विभागतो, पण सुटे भागही वाढतात.

शंकूत तोच भार कोनाच्या साइन इतका कमी पुरतो, कारण शंकू पाचरीसारखा घुसतो आणि थोड्याशा ढकलण्यातून बाजूंवर मोठा दाब येतो. शंकूची बाजू आसाशी १५ अंशांचा कोन करत असेल तर दोनशे किलोंचे ५३ किलो होतात. साडेबारा अंशाला ४४, दहा अंशाला ३५ आणि पाच अंशाला फक्त १८ किलो.

मग पाच अंशच का करू नयेत? स्वयंपाकघरात स्टीलचे पेले एकात एक ठेवले की कधीकधी असे अडकतात की गरम पाण्यात धरल्याशिवाय सुटत नाहीत. पेल्याच्या बाजू जवळजवळ उभ्या असतात, म्हणूनच हे होतं. लेथवर हीच गोष्ट मुद्दाम वापरलेली असते : टेलस्टॉकमधला मोर्स टेपर आसाशी जेमतेम दीड अंशाचा असतो, म्हणून ड्रिल-चक नुसता हाताने ठोसला तरी घट्ट बसतो आणि काढायला मागून ढकलावा लागतो. तिथं ते हवंच असतं. क्लचमध्ये ते जीवघेणं ठरेल.

सीमारेषा कुठे आहे हे घर्षणांकच सांगतो. कोनाची टॅन्जंट घर्षणांकापेक्षा लहान झाली की शंकू आपणहून सुटत नाही. ०.२५ साठी ही रेषा १४ अंशांवर आहे. पंधरा अंशांचा शंकू स्प्रिंगचा भार काढला की मोकळा होतो. दहा अंशांचा होत नाही. स्प्रिंगचा सगळा भार उचलल्यावरही तो सोडवायला कागदावरच्या हिशेबाने आणखी पंधरा किलोंची ओढ लागते. पाच अंशांना ती तेहतीस किलोंवर जाते. साडेबारा अंशाला मात्र सहा किलोंच्या आत भागतं. यंत्ररचनेच्या पाठ्यपुस्तकांत साडेबारा अंश वारंवार दिसतात ते यामुळेच : पकड चांगली आणि सोडवायची ओढ किरकोळ. स्प्रिंगचे ४४ आणि सोडवायचे सहा मिळून पन्नास किलो. एकास दहाची तरफ लावली की हाताला लागतात पाच. दिवसभर सहज ओढता येईल असा हा दांडा.

एक आकडा पुष्कळांना अनपेक्षित वाटतो. घरगुती क्लच तापून जळेल अशी भीती असते. चार किलोंचा, १२५ मिलिमीटर व्यासाचा चक शून्यापासून ६४० फेऱ्यांपर्यंत न्यायला साधारण अठरा जूल ऊर्जा लागते, आणि जवळपास तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. बिडाच्या पुलीला ती जाणवतही नाही. धोका आहे तो सतत घसरण्याचा. दहा न्यूटन-मीटरवर क्लच घसरत राहिला तर पावणेचारशे वॉटची शेगडीच पेटते. म्हणून क्लच झटकन धरावा किंवा पूर्ण सोडावा. अर्धवट ओढून चक हळू फिरवण्याची सवय लावून घेऊ नये.

## दोन शंकू, एकच कोन

पोकळ शंकू बिडाचा करावा. बिडात ग्राफाइट असतं, ते घासलं तरी ओरबाडलं जात नाही आणि अस्तराशी त्याचं चांगलं जमतं. ओतकामाचा तुकडा असेल तर पहिलाच काप कातडीच्या खाली जाईल इतका खोल घ्यावा. वरच्या कडक कवचात वाळूचे कण असतात आणि हलका काप घेत बसलं तर ते टूलची धार खाऊन टाकतात. भरीव शंकू ॲल्युमिनियमचा केला तर हलका होतो. त्यावर तीन मिलिमीटर जाड ब्रेक-अस्तराची पट्टी इपॉक्सीने चिकटवायची किंवा डोकी खोल बसवलेल्या तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकायची. अस्तर नवं आणि ॲस्बेस्टॉसविरहितच घ्यावं. भंगारातलं जुनं अस्तर लेथवर कातणं म्हणजे ॲस्बेस्टॉसची धूळ स्वतःहून छातीत भरून घेणं.

खरी गंमत कोन जुळवण्यात आहे. कंपाउंड स्लाइडवरच्या अंशांच्या रेघा जाडजूड असतात, त्यांवर साडेबारा अंश नेमके लागतील याची खात्री नाही. डायल गेजने तपासता येतं : स्लाइड २५ मिलिमीटर पुढे नेली तर सरळ दांड्यावर टेकवलेल्या गेजचा काटा ५.४१ मिलिमीटर सरकायला हवा. पण कोन साडेबाराऐवजी पावणेतेरा झाला तरी काही बिघडत नाही. दोन्ही शंकूंचा कोन एकच हवा. म्हणून नियम असा : एकदा लावलेली कंपाउंड स्लाइड दोन्ही शंकू पुरे होईपर्यंत हलवायची नाही.

इथं एक पेच येतो. पोकळ शंकू चकमध्ये धरला की त्याचं मोठं तोंड आपल्याकडे, म्हणजे टेलस्टॉकच्या बाजूला असतं. त्याच्यासाठी लावलेल्या स्लाइडवरून टूल हेडस्टॉककडे सरकतं तसं आसाच्या जवळ येतं. आता भरीव शंकू नेहमीसारखा, मोठी बाजू चककडे ठेवून धरला, तर टूलला उलट आसापासून दूर जायला हवं. म्हणजे स्लाइड फिरवणं आलं आणि नियम मोडला. सुटका दोन प्रकारे होते. भरीव शंकू मॅन्ड्रेलवर चढवून उलटा धरायचा, लहान बाजू हेडस्टॉककडे आणि मोठी टेलस्टॉककडे. मग त्याच लावलेल्या स्लाइडवर तो समोरूनच कातला जातो. किंवा स्लाइड भरीव शंकूसाठी लावायची आणि पोकळ शंकू छिद्राच्या पलीकडच्या भिंतीवर, बोअरिंग टूल उलटं, धार खाली करून कातायचा. पलीकडच्या बाजूला तीच हालचाल आसाकडे येणारी ठरते. काहीजण टूल सुलटंच ठेवून लेथ उलटा फिरवतात, पण ज्याचा चक स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो अशा लेथवर हे करू नये. कापाच्या जोरावर चक सुटून येऊ शकतो. मायफोर्डचा चक असाच आट्यांवर बसतो.

अस्तर चिकटवून वाळल्यावर, मॅन्ड्रेलवरून न उतरवता, त्याचा शेवटचा हलका काप घ्यायचा. मग भरीव शंकूवर मार्किंगची निळी शाई पातळ पुसून तो पोकळ शंकूत हलकेच फिरवायचा. शाई सगळ्या रुंदीवर सारखी उठली तर उत्तम. मोठ्या व्यासाच्या बाजूला थोडी जास्त उठली तरी चालेल, कारण त्रिज्या जास्त तिथं टॉर्कही जास्त. फक्त लहान टोकाला उठत असेल तर मात्र पकड निम्मीशिम्मी मिळेल. वीस मिलिमीटर रुंदीवर एक-दशांश अंशाची चूक म्हणजे पस्तीस मायक्रॉन. एवढं अस्तर दबून सामावून घेतं.

झीज आधीच गृहीत धरावी. अस्तर एक-दशांश मिलिमीटर झिजलं की शंकू जवळजवळ अर्धा मिलिमीटर आत सरकतो. म्हणून भरीव शंकूच्या टोकापुढे निदान तीन-चार मिलिमीटर रिकामी जागा हवी. ती नसेल तर एक दिवस शंकू तळाला टेकतो आणि क्लच घसरू लागतो. मग माणूस स्प्रिंग आवळत बसतो, आणि दोष मात्र स्प्रिंगचा नसतो.

## सुटल्यावर कोण फिरतं?

क्लच धरलेला असताना सगळे भाग एकत्र फिरतात, म्हणजे एकमेकांच्या दृष्टीने स्थिरच असतात. कसोटी लागते ती क्लच सुटल्यावर. तेव्हा मोटरची पुली फिरते आणि शाफ्ट थांबलेला असतो. त्यामुळे स्प्रिंग, भरीव शंकू आणि सोडण्याची तरफ हे तिन्ही शाफ्टच्या बाजूला ठेवावेत, पुलीच्या नव्हे. असं केलं की क्लच सुटलेला असताना तरफ ज्या शंकूला मागे ओढून धरते तो स्वतःच थांबलेला असतो. भार आहे पण फिरणं नाही. चक थांबेपर्यंतच्या क्षणभरासाठी गनमेटलची साधी कडीही पुरते. थ्रस्ट बेअरिंग घालायचंच असेल तर २० मिलिमीटर शाफ्टसाठी ५११०४ नंबरचं घालावं. रचना उलटी केली तर क्लच सुटलेला असताना मोटर चालू असेतो हे बेअरिंग पूर्ण भाराखाली फिरत राहील आणि लवकरच ओरडू लागेल.

स्प्रिंगच्या भाराचा रस्ताही शाफ्टवरच पुरा व्हायला हवा. शाफ्टवरच्या नटाला टेकलेली स्प्रिंग शंकूला ढकलते, शंकू पुलीला, पुली तिच्या बेअरिंगमधून शाफ्टवरच्या कॉलरला. चक्र पूर्ण झालं आणि बाहेरच्या ठोकळ्यांवर काही आलं नाही. हे न पाळता स्प्रिंग बाहेरच्या ब्रॅकेटला टेकवली तर चाळीस-पन्नास किलोंचा भार कायम काउंटरशाफ्टच्या ठोकळ्यांवर पडतो. ते ठोकळे पट्ट्याचा ताण पेलायला केलेले असतात, आडवा रेटा पेलायला नाही.

भरीव शंकू शाफ्टवर सरकत्या चावीवर बसतो. वीस मिलिमीटर शाफ्टला सहा बाय सहाची चावी. शंकूच्या हबची लांबी शाफ्टच्या व्यासाच्या निदान दीडपट हवी, नाहीतर तरफ एका बाजूने ओढते तेव्हा तो तिरका होऊन अडकतो. घरच्या लेथवर चावीची खाच पाडायला व्हर्टिकल स्लाइडवर शाफ्ट धरून चकमध्ये एंडमिल लावतात.

उरली मोकळी पुली. तिच्यात गनमेटलचा बुश घातला तर त्याला तेल लागणार, आणि फिरत्या पुलीत तेल जागेवर राहत नाही. भिरभिरत थेट शंकूच्या अस्तरावर जातं. तेलकट झालेलं अस्तर पेट्रोलने पुसून फार दिवस भागत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली दोन ६००४ नंबरची बेअरिंगं घालणं बरं. बुशच हवा असेल तर त्याच्या आणि शंकूच्या मध्ये एक खोल खाच कातून तिला बाहेर जाणारी छिद्रं ठेवावीत, म्हणजे निसटलेलं तेल तिथून बाहेर फेकलं जाईल.

क्लच सोडताना तरफेच्या उरलेल्या चालीत ब्रेकही लावता येतो : शंकूच्या पाठीवर अस्तराचा छोटा तुकडा, जो मागे आल्यावर पक्क्या चकतीला टेकतो. पण तो सौम्य असावा. आट्यांवर बसवलेला चक असेल आणि स्पिंडल एका क्षणात थांबला, तर चक आपल्या जडत्वाने पुढे फिरत राहतो आणि ती दिशा नेमकी सुटण्याची असते.

## आट्यांसाठी दुसरा क्लच

आजकाल यावर एक सोपा उपाय सांगतात : थ्री-फेज मोटर आणि तिचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, लावा. तो मोटरला हळूहळू वेगावर आणतो, हळूच थांबवतो, कितीही वेळा. हे खरं आहे. व्हीएफडी असेल तर घर्षणाच्या क्लचची निकड बरीच कमी होते. पण लेथवर आणखी एक जागा अशी आहे जिथं सोडणं आणि पुन्हा धरणं लागतं, आणि तिथं व्हीएफडी कामाचा नाही. ती जागा म्हणजे आटे पाडण्याच्या गिअरची साखळी.

आटे एका कापात पडत नाहीत. टूल आठ-दहा वेळा त्याच खाचेतून जावं लागतं, आणि प्रत्येक वेळी नेमक्या त्याच ठिकाणी शिरावं लागतं. एमएल-सेव्हनचा लीडस्क्रू इंचाला आठ आट्यांचा. त्यावर इंचाला १६ किंवा २४ आटे पाडायचे तर कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा हाफनट कधीही उघडून कुठेही लावता येतो. दीड मिलिमीटर पिचचे पाडायचे तर हाफनट उघडायची सोय नाही. प्रत्येक काप झाल्यावर मोटर थांबवायची, उलटी फिरवायची, पुन्हा सुलटी. एक बोल्ट होईपर्यंत मोटरचे वीसेक जन्म-मृत्यू.

उपाय म्हणजे एकाच दाताचा क्लच. एका कॉलरवर एक दात, समोरच्या कॉलरवर एकच खाच. यात घसरणं नाही. दात खाचेसमोर येईल तेव्हाच बसेल, आणि एका फेऱ्यात ते एकदाच घडतं. अनेक दात असले तर तो चुकीच्या खाचेतही बसेल आणि टूल आधीच्या आट्यांच्या मधोमध उतरेल.

पण हा क्लच कुठे बसवायचा यात मोठी मेख आहे. साहजिक जागा वाटते ती लीडस्क्रूच्या टोकाची. तिथं तो लीडस्क्रूच्या एका फेऱ्यात एकदाच बसतो, आणि लीडस्क्रूचा एक फेरा म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड मिलिमीटर पिचला तो पूर्ण पटीत बसत नाही, म्हणजे मूळ अडचण जशीच्या तशी. क्लच बदलगिअरांच्या आधी, स्पिंडलच्याच वेगाने फिरणाऱ्या शाफ्टवर बसवला की चित्र पालटतं. आता तो स्पिंडलच्या एका फेऱ्यात एकदाच बसतो. पुढची साखळी त्याच्यामागे दात न सोडता चालते, हाफनट सारा वेळ लावलेलाच असतो. काप संपला की क्लच सोडायचा, टूल मागे घ्यायचं, लीडस्क्रूच्या हँडव्हीलने कॅरेज परत आणायचं आणि क्लच पुन्हा लावायचा. पिच मिलिमीटरचा असो की इंचाचा, टूल खाचेतच जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथल्या हार्डिंज कंपनीच्या एचएलव्ही-एच या टूलरूम लेथवर हीच सोय होती. छंदिष्टांनी छोट्या लेथवर केलेले अनेक क्लच त्याच तत्त्वावर आहेत.

कॅरेजला एक दांडा जोडून ठरावीक जागी तो क्लचचा खटका पाडेल अशी व्यवस्था केली की जॉबच्या खांद्यालगत आटे आपोआप थांबतात. हँडल सांभाळत श्वास रोखून बसायची गरज नाही. दातासाठी इएन-२४ सारखं चिवट पोलाद घ्यावं, कारण तो धक्क्यानेच बसतो. स्पिंडल शे-दोनशे फेऱ्यांच्या आत ठेवावा. दाताच्या बाजूंना किंचित आतला उतार दिला तर तो भाराखाली घट्ट धरून राहतो, पण मग भाराखाली सुटतही नाही, आणि खांद्याशी तो नेमका भाराखालीच सुटायला हवा. म्हणून बाजू सरळ ठेवाव्यात. शंकूच्या कोनाचाच प्रश्न इथं दाताच्या बाजूंवर येतो.

## कसोटी

क्लच झाला की तो किती टॉर्क ओढतो हे बघण्याची घाई सगळ्यांना असते. ते नंतर बघता येईल. स्प्रिंगचा नट आवळून पकड वाढवता येते. आधी तपासायचं ते सुटणं. चकमध्ये जॉब न लावता, स्पिंडल सर्वांत वेगवान पट्ट्यावर ठेवून, क्लच सोडावा आणि मोटर दहा मिनिटं चालू ठेवावी. चक जागचा हलता कामा नये. हळूहळू फिरू लागला तर शंकू पूर्ण सुटत नाही किंवा पुलीचं बेअरिंग शाफ्टला ओढतंय. अस्तर पाव मिलिमीटर दूर जायला शंकू साधारण सव्वा मिलिमीटर मागे यावा लागतो; तरफेची चाल तेवढी भरते का ते आधी मोजावं. मग क्लच धरलेल्या स्थितीत बघावं की तरफेची कडी शंकूच्या खाचेत अर्धा मिलिमीटर मोकळी आहे. ती घासत असेल तर लेथ चालेल, पण कडी रोज थोडी थोडी खाल्ली जाईल.

दांडा असा बसवावा की चुकून कोपर लागला तर क्लच सुटावा, धरला जाऊ नये. आणि क्लचला स्विच समजू नये. चकची चावी लावताना, जॉब मोजताना, चकमध्ये बोटं घालताना मोटर बंदच हवी, क्लच कितीही विश्वासाचा असला तरी. पुली आणि शंकूवर पत्र्याचं झाकण हवंच.

कुठला क्लच आधी करावा असं कुणी विचारलं तर उत्तर लेथवर काय कातता यावर आहे. दिवसभर लहान लहान जॉब बदलणाऱ्याने शंकूचा करावा. मिलिमीटरचे आटे वारंवार पाडणाऱ्याने एकाच दाताचा. दोन्ही करायचे असतील तर शंकूचा आधी, कारण त्यात चुकीला जागा आहे आणि त्याच्यावर हात बसला की दाताचा सोपा जातो. कोन, चाल, स्प्रिंग असं काहीही ठरवताना मात्र तो आधी नीट सुटेल का हे विचारावं, आणि मगच किती धरेल ते.